काटा ५४ दाखवतो, मग साखर का वाढली?

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि.

माझे वय ४३, उंची १५७ सेंटिमीटर आणि वजन ५४ किलो आहे. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी पतसंस्थेत लिपिक आहे. दिवसाचे सात-आठ तास खुर्चीत जातात. आमच्याकडे झालेल्या आरोग्य शिबिरात माझी उपाशीपोटीची साखर १०८, एचबीए१सी ६.१ टक्के आणि हिमोग्लोबिन ९.८ आले. कंबर ८४ सेंटिमीटर भरली. 'मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात' असे सांगण्यात आले. शेजारच्या टेबलावरील मैत्रीण ७८ किलोंची आहे आणि तिचे सगळे आकडे ठीक आहेत. आईला मधुमेह आहे, पण ती जाड होती. घरात मात्र सगळे हसतात, 'तुला कसली शुगर, तू तर वाऱ्याने उडशील.'

सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी तीन पोळ्या आणि बहुधा बटाट्याची नाहीतर फळभाजी, रात्री आमटी-भात, दिवसात चार चहा आणि गुरुवारी उपवास असा माझा आहार आहे. अंडी मुलांसाठी आणते. झोप पाच तास होते. पाळीत रक्तस्राव खूप होतो. यजमानांच्या मनगटावरील घड्याळात रोज दहा हजार पावले भरतात, माझी चार हजारांच्या वर जात नाहीत. मी वजन आणखी कमी करावे का? मेथीचे पाणी आणि कारल्याचा रस सुरू केला आहे, तो पुरेल का? माझी मुलगी १७ वर्षांची आहे आणि माझ्यासारखीच सडसडीत आहे. तिचीही तपासणी करून घ्यावी का?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत, पण त्यांच्या आधी येणारा एक प्रश्न विचारायचा राहिला आहे: तो ६.१ चा आकडा कितपत खरा मानायचा? त्याचा निकाल लागल्याखेरीज पुढे जाणे योग्य नाही, म्हणून तिथूनच आरंभ करते.

रक्तातील साखर लाल पेशींमधील हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते आणि एकदा चिकटली की पेशी मरेपर्यंत सुटत नाही. लाल पेशीचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे असल्यामुळे किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली आहे हे मोजले, की मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते; हेच एचबीए१सी. हे चुलीवरच्या पातेल्याच्या काजळीसारखे आहे. काजळीचा थर पाहून चूल किती धुरकट आहे याचा अंदाज बांधता येतो, पण पातेले किती दिवसांत घासलेले नाही हेही ठाऊक असावे लागते, कारण धूर तेवढाच असूनही जुन्या पातेल्यावर थर जाड दिसतो. लोह कमी पडले की नव्या लाल पेशी सावकाश तयार होतात, रक्तात जुन्या पेशींचे प्रमाण वाढते आणि साखर फारशी वाढलेली नसतानाही एचबीए१सी थोडे चढे दिसू शकते. उलट, रक्त बरेच वाहून गेल्यावर शरीराने नव्या पेशींचा भराभर पुरवठा केला, तर हाच आकडा खोटा कमी दिसतो. स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात, तुमचे ९.८ आहे आणि पाळीचा त्रासही तुम्ही लिहिला आहे. अशा स्थितीत ५.७ ते ६.४ या पट्ट्यात बसणाऱ्या ६.१ वर विसंबून कोणताही शिक्का मारणे मला घाईचे वाटते. शिबिरांमध्ये हे दोन्ही आकडे एकाच कागदावर छापलेले असतात आणि तरीही ते एकमेकांशी जोडून वाचले जात नाहीत, ही माझी जुनी तक्रार आहे.

म्हणून सगळे खोटे आहे असे समजून निश्चिंतही होऊ नका. उपाशीपोटीच्या साखरेवर रक्तक्षयाचा असा परिणाम होत नाही आणि तुमचे १०८ अगदी कुंपणावर बसलेले आहेत. अमेरिकी निकषांनुसार १०० ते १२५ ही मधुमेहपूर्व अवस्था मानली जाते, तर जागतिक आरोग्य संघटना हीच रेषा ११० वर आखते. म्हणजे एकाच रक्ताला एका पुस्तकात उंबरठ्यावर उभे केले जाते आणि दुसऱ्यात घरातच बसू दिले जाते. हा गुंता सोडवणारी तपासणी जुनी आणि स्वस्त आहे. उपाशीपोटी रक्त देऊन ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्यायचे आणि बरोबर दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचे. दुसरा आकडा १४० च्या खाली आला तर ठीक, १४० ते १९९ आला तर उंबरठा आणि २०० किंवा त्यापुढे गेला तर मधुमेह, ज्याची खात्री दुसऱ्या तपासणीने करून घेतात. तपासणीआधीचे तीन दिवस नेहमीसारखे जेवा. 'चाचणी आहे म्हणून भात बंद' असे केल्यास निकाल उलट बिघडू शकतो.

त्याच वेळी शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन आणि बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या आणि रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, कारण गळक्या हंड्यात पाणी ओतत राहण्यात अर्थ नसतो. लोहाच्या गोळ्या किती आणि किती दिवस घ्यायच्या हे त्यांनाच ठरवू द्या. तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. चहातील कषाय द्रव्ये अन्नातील लोहाला धरून ठेवतात, त्यामुळे चहा जेवणापासून आणि नाश्त्यापासून तासभर दूर असावा. आणि पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली रीत सोडू नये, कारण त्यातील क जीवनसत्त्वामुळे वनस्पतिजन्य लोह शोषले जाण्यास मदत होते. पोहे आणि वाफाळता चहा ही जोडी तोडायला सांगताना मलाही वाईट वाटते, पण तुमच्या रक्ताला सध्या ती परवडणारी नाही. तीन-चार महिन्यांच्या उपचाराने लोह भरून आले की एचबीए१सी पुन्हा करा. नव्या पेशी आल्यामुळे ते थोडे उतरलेले दिसण्याची शक्यता आहे; तेव्हा त्याचे श्रेय कारल्याच्या रसाला देऊ नका.

आता तुमचा मूळ प्रश्न, म्हणजे बारीक माणसाला हे होतेच कसे. उंची आणि वजन यांवरून जो निर्देशांक काढतात, त्याचे सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियममधील अॅडॉल्फ केटले यांनी मांडले. ते वैद्य नव्हते, खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होते आणि त्यांना 'सरासरी माणूस' कसा असतो हे पाहायचे होते. त्याला बॉडी मास इंडेक्स, म्हणजे आपण ज्याला बीएमआय म्हणतो ते नाव, अमेरिकेतील अॅन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये दिले. तुमचे वजन मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले तर २१.९ येतात आणि भारतीयांसाठी आखलेल्या २३ च्या रेषेखाली तुम्ही सुखरूप बसता. अडचण एवढीच, की काट्याला किलो कळतात. त्या किलोंमध्ये स्नायू किती, चरबी किती आणि ती चरबी कुठे साठली आहे, हे त्याला कळत नाही.

या बाबतीत सर्वांत बोलके उदाहरण आपल्या पुण्यातलेच आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनमधील सहकारी जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचेच छायाचित्र छापले. दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे कागदावर दोघे सारखेच. शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. एकच काटा, एकच निर्देशांक आणि चरबी दुपटीहून अधिक. ही केवळ दोन व्यक्तींची गंमत नव्हती. त्याआधी, १९९३ पासून, याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला होता. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. पुण्याकडची बाळे स्नायूंनी, पोटातील अवयवांनी आणि उंचीने लहान होती, पण पाठीवरच्या त्वचेखालची चरबी मोजली तर ती त्या मानाने फारशी कमी नव्हती. बाळ बारीक आहे, पण त्यातल्या त्यात चरबी राखून आहे, अशी ही घडण. तुम्ही आणि मी त्याच मातीतल्या आहोत.

चरबीचे स्वतःचे शास्त्र थोडक्यात सांगते, कारण तुमच्या मैत्रिणीचे कोडे त्यात सुटते. त्वचेखाली, विशेषतः मांड्या आणि नितंबांवर साठलेली चरबी त्या मानाने निरुपद्रवी असते. ती जादा ऊर्जा नीट बांधून ठेवते. ज्यांची ही कोठारे मोठी असतात, त्यांचे वजन वाढते, पण रक्तातील साखर बराच काळ तग धरू शकते. ज्यांची कोठारे उपजतच छोटी असतात, त्यांच्यात चार-पाच किलोंची वाढदेखील सांडते आणि आतड्यांभोवती नि यकृतात जाऊन बसते. चरबीने भरलेले यकृत इन्शुलिनचे ऐकेनासे होते आणि रात्री, आपण झोपेत असताना, गरजेपेक्षा जास्त साखर रक्तात सोडत राहते. पहाटेची उपाशीपोटीची साखर चढी येण्याचे हे एक मोठे कारण असते. त्यात तुमच्या आईला मधुमेह आहे, म्हणजे वारशाचा वाटाही आला. तुमच्या मैत्रिणीला मात्र यामुळे कायमची सूट मिळालेली नाही. तिचेही वय वाढणार आहे आणि गुडघे व रक्तदाब हे वेगळेच हिशेब आहेत.

यासाठीच तुमच्या कागदावरचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला आकडा कंबरेचा आहे. भारतीय स्त्रियांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही सावधगिरीची रेषा मानतात आणि तुम्ही तिच्या चार सेंटिमीटर पुढे आहात. शिबिरात कसे मोजले कुणास ठाऊक, म्हणून घरी पुन्हा मोजा. टेप परकराच्या नाडीच्या जागी लावायची नाही. शेवटची बरगडी आणि कंबरेच्या हाडाची वरची कड या दोहोंच्या मधोमध, उघड्या त्वचेवर, सहज श्वास सोडून, पोट आत न ओढता लावायची. महिन्यातून एकदा, त्याच वेळी, एवढे पुरे. रोज मोजल्याने केवळ चिंता वाढते.

स्नायूंकडे वळते, कारण उपाय तिथे आहे. तुमच्या सबंध रक्तात कोणत्याही क्षणी साधारण चार ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचाभर साखर विरघळलेली असते. बशीभर पोह्यांतून पचून चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम ग्लुकोज तयार होते. दहापट माल दोन-तीन तासांत दारावर येतो आणि तरीही चमच्याचे दोन चमचे होऊ नयेत, अशी शरीराची धडपड असते. हा माल जातो कुठे? जुन्या वाड्यात धान्य कणगीत भरून ठेवत, तसे स्नायू आणि यकृत तो भरून घेतात. यकृताची कणगी सुमारे शंभर ग्रॅमची, तर सगळ्या स्नायूंची मिळून सहज तीन-चारशे ग्रॅमची. इन्शुलिन म्हणजे कणगीचे दार उघडणारी किल्ली. तुमच्यासारख्या बैठे काम करणाऱ्या बारीक व्यक्तीत स्नायू कमी, म्हणून कणगी लहान. दिवसभर न वापरल्याने ती भरलेलीच. आणि किल्लीही अडखळत फिरणारी. माल अंगणात पडून राहतो आणि त्यालाच आपण 'साखर वाढली' म्हणतो.

पण स्नायूला आणखी एक दार असते आणि त्याला किल्ली लागत नाही. स्नायू आकुंचन पावू लागला, की पेशीच्या आत असलेले साखरवाहक प्रथिन स्वतःहून पृष्ठभागावर येते आणि इन्शुलिनची वाट न पाहता ग्लुकोज आत ओढते. जेवणानंतर अर्ध्या-पाऊण तासाने, माल अंगणात येत असतानाच हे दार उघडले तर त्याचा लाभ अधिक, हे ओघानेच आले. आपल्या आजीने याला शतपावली म्हटले होते. शंभर पावले म्हणजे जेमतेम एक मिनिट, आणि तेवढ्याने भागत नाही; पण वेळ तिने बरोबर निवडली होती. २०१३ मध्ये अमेरिकेत साठी ओलांडलेल्या आणि उपाशीपोटीची साखर थोडी चढी असलेल्या दहा जणांवर एक छोटा प्रयोग झाला. तीन जेवणांनंतर प्रत्येकी पंधरा मिनिटे चालणे आणि सकाळी एकदम पंचेचाळीस मिनिटे चालणे, दोन्हींनी दिवसभराची साखर सुधारली, परंतु रात्रीच्या जेवणानंतरची साखर आवरण्यात तुकड्यांतले चालणे सरस ठरले. दहा माणसांवरून जगाचा नियम काढू नये, हे खरे. पण त्यामागची यंत्रणा पक्की आहे, खर्च शून्य आहे आणि पंचेचाळीस मिनिटे सलग काढणे तुम्हाला शक्य नाही हे तुमच्या पत्रावरून दिसतेच. तेव्हा दुपारी डबा खाऊन झाल्यावर संस्थेच्या आवारात दहा मिनिटे आणि रात्री आमटी-भातानंतर पंधरा मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या गतीने चाला. भांडी नंतर घासली तरी चालतील, किंवा ती यजमानांनी घासावीत; त्यांची दहा हजार पावले तोवर भरलेली असतातच.

त्या दहा हजारांविषयीही सांगायला हवे. हा आकडा कोणत्याही प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाची लाट आली आणि १९६५ मध्ये तिथे पावले मोजणारे एक यंत्र विक्रीस आले, ज्याच्या 'मानपो-केई' या नावाचा अर्थच 'दहा हजार पावले मोजणारे' असा होता. नाव सुटसुटीत होते, ते जगभर रुजले. पुढे २०१९ मध्ये अमेरिकेतील सरासरी ७२ वर्षे वयाच्या सोळा हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात असे दिसले, की दिवसाला सुमारे २७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी होते आणि ७५०० च्या आसपास हा फायदा स्थिरावत गेला. ज्यांची प्रकृती मुळात बरी, त्याच जास्त चालू शकतात, हा भाग त्यात मिसळलेला आहेच. तरीही तुमच्या चार हजारांना हिणवण्याचे कारण नाही. वर सांगितलेल्या पंचवीस मिनिटांनी त्यांत अडीच हजारांची भर पडेल आणि ती योग्य वेळी पडेल.

केवळ चालण्याने कणगी मोठी होत नाही, ती फक्त रिकामी होते. मोठी करायची तर स्नायूंवर भार टाकावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच शिफारशीतले 'आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम' हे वाक्य मात्र सगळे विसरतात आणि तुमच्यासाठी तेच वाक्य अधिक मोलाचे आहे. हिमोग्लोबिन सध्या कमी असल्याने पहिले काही आठवडे बेतानेच घ्या. धाप लागली, छातीत धडधडले किंवा चक्कर आली तर थांबा. हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दहा जोर, पायरीवर उभे राहून टाचा उचलणे आणि दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन कमरेतून किंचित वाकून कोपर मागे ओढणे, एवढे एक दिवसाआड पंधरा मिनिटे करा. शेवटची दोन आवर्तने जड जायला हवीत. ती सहज झाली तर बाटली बदलण्याची वेळ आली. सूर्यनमस्कार तुम्हाला येत असतील तर उत्तमच. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी ते तुमच्याच जिल्ह्यात घरोघरी नेले होते आणि त्यांत लवचिकता आणि दम दोन्ही आहेत. फक्त त्यांत काही ओढून घेण्याची क्रिया नसते, म्हणून पाठीसाठी त्या बाटल्या राहू द्या.

तर वजन कमी करावे का? नाही. ५४ किलोंवरून पोट मारून ५० वर आलात, तर गेलेल्या चार किलोंत चरबीबरोबर स्नायूही जातील आणि ज्याची चणचण आहे तेच आणखी घटेल. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या भारतीय मधुमेह प्रतिबंध अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले, ते इथे लागू पडतात. उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांपैकी ज्यांनी आहार-व्यायाम सुधारला, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटले आणि हे वजन फारसे न उतरता घडले. काटा हलला नाही, आतली व्यवस्था बदलली. तुमचे ध्येय कंबर ८४ वरून ८० कडे आणि खुर्चीतून उठणे दहावरून वीसकडे, असे ठेवा. काटा माळ्यावर टाकला तरी बिघडत नाही. एक अपवाद आहे. काही न करताच वजन झपाट्याने उतरू लागले, तहान आणि लघवी वाढली, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांकडे जा, कारण बारीक माणसांत मधुमेहाचे वेगळे प्रकारही आढळतात.

आहारात मला साखरेपेक्षा प्रथिनांची टंचाई जास्त खुपली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे तुम्हाला सुमारे ४५ ग्रॅम. तुमच्या ताटाची ढोबळ बेरीज केली तर तीन पोळ्यांतून नऊ-दहा, पोह्यांतून चार, पातळ आमटी, भात, चहातले दूध हे सगळे धरून ती तिशीच्या आसपास थांबते. ही कमतरता भरून काढायला कोणतीही भुकटी विकत आणावी लागत नाही. दुपारी तीन पोळ्यांऐवजी दोन पोळ्या आणि वाटीभर दाट मटकीची किंवा चवळीची उसळ, सोबत दही. पोह्यांत मूठभर शेंगदाणे आणि वाटाणे. रात्री आमटीतली डाळ दुप्पट आणि भात निम्मा. आणि अंडी मुलांसाठी आणता, त्यांतले एक तुमच्यासाठी उकडा. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि मुलांच्या वाट्यातून ते कमी होत नाही, डझनाऐवजी दीड डझन आणता येतात. गुरुवारच्या उपवासाला माझी ना नाही, मात्र साबुदाणा हा जवळजवळ शुद्ध पिष्ट आहे, त्यामुळे त्या दिवशी तुमची साखर इतर दिवसांपेक्षाही वर जाण्याचा संभव आहे. शेंगदाण्याची आमटी, ताक, दही, राजगिऱ्याची भाकरी यांवर उपवास निभावतो का पाहा.

मेथी आणि कारल्याबद्दल थोडक्यात. मेथ्यांमध्ये बुळबुळीत तंतू असतात आणि ते पचन मंदावतात, हे खरे. पण पाणी गाळून प्यालात तर ते तंतू बव्हंशी गाळणीतच राहतात. मेथ्या चावून खा किंवा भाजीत घाला. कारल्याच्या रसाचा भरवसा द्यावा इतका पुरावा नाही. रिकाम्या पोटी तो अनेकांना बाधतो. कारल्याची भाजी आवडत असेल तर जरूर खा. पुढे कधी मधुमेहाचे औषध सुरू झालेच, तर असे रस घेत असल्याचे डॉक्टरांना सांगणे मात्र चुकवू नका.

पाच तासांची झोप हा तुमच्या पत्रातील एक असा तपशील आहे, की जो तुम्ही ओझरता लिहिला आणि मला मोठा वाटला. शिकागो विद्यापीठात १९९९ मध्ये अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री प्रत्येकी चारच तास अंथरुणात राहू दिले, तेव्हा त्यांची साखर हाताळण्याची क्षमता लक्षणीय मंदावली होती. विशीतल्या मुलांची ही गत. तुमच्या घरात पहाटे डबे सुरू होत असतील आणि ते टळणार नाहीत. टळू शकेल ती रात्रीची उशिरापर्यंतची जाग. कणीक, भाज्या चिरणे, गणवेश ही कामे घरातल्या आणखी दोन धडधाकट माणसांत वाटली गेली, तर त्यातून निघालेला तास व्यायामाला न देता झोपेला द्या.

उरली मुलगी. तिच्यात लक्षणे काही नसतील, तर आज साखरेची तपासणी करण्याचे कारण मला दिसत नाही; आजी आणि पुढेमागे आई, असा इतिहास असल्याने पंचविशीच्या पुढे ती अधूनमधून करावी. हिमोग्लोबिन मात्र याच महिन्यात करा, कारण या वयात लोहाची कमतरता फार आढळते आणि पाळी तिलाही जड जात असल्यास अधिकच. तिला बारावीचा अभ्यास असेल, तरीही खेळ सोडू देऊ नका. कबड्डी, खो-खो, दोरीच्या उड्या, सायकल काहीही चालेल, कारण स्नायू आणि हाडे कमावण्याची याहून चांगली वर्षे पुन्हा मिळत नाहीत. आणि पुण्याजवळच्या त्या सहा खेड्यांतला आणखी एक निष्कर्ष तिच्यासाठी लक्षात ठेवा: ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली होती. तिला 'सडसडीत आहेस, छान दिसतेस' असे म्हणताना ताटात मेथी-चाकवत, वाटीभर दही आणि हंगामातला पेरू येतो की नाही तेवढे पाहा, आणि रात्रीच्या पंधरा मिनिटांच्या चालण्याला तिलाही बरोबर घ्या. ग्लुकोज चाचणीचा आणि फेरिटिनचा निकाल आला की मला कळवा. औषधांचा विषय लागलाच तर तो त्या आकड्यांवरून बोलू.